‘ब्लेड रनर’च्या वस्तू जमवायच्या असतील तर: पोस्टर, पिस्तूल आणि चांदीच्या कागदाचा युनिकॉर्न

तुमचा प्रश्न असा आहे. ‘ब्लेड रनर’ या चित्रपटाने तुम्हाला झपाटलंय, चार मित्र मिळून तुम्ही त्याच्या बातम्या आणि वस्तू एकमेकांना दाखवत असता, आणि आता एक विक्रेता तीन गोष्टी एकत्र द्यायला तयार आहे: १९८२ चं मूळ पोस्टर, रिळातली एक फ्रेम प्रमाणपत्रासह, आणि ‘चित्रीकरणात वापरलेला’ चांदीच्या कागदाचा युनिकॉर्न. घ्यावं का, यापुढे काय पाहून घ्यावं, आणि मंडळात येणाऱ्या बातम्यांचं काय करावं, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. युनिकॉर्न सोडून द्या. फ्रेम स्वस्तात मिळत असेल आणि खाली सांगतो त्या तपासणीत टिकली तर हौस म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको. पोस्टर मात्र नीट बघण्यासारखं आहे. तिन्ही एकत्रच घ्यायची अट असेल तर मी तिथूनच परत फिरेन. एका खऱ्या वस्तूच्या आडोशाने दोन खोट्या खपवणं ही या बाजारातली जुनी रीत आहे.

बावीस वर्षं मी या एकाच चित्रपटाच्या वस्तू जमवतोय. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आपल्या कपाटातली वस्तू खरी की खोटी हे आपण एकट्याने कधीच ठरवू शकत नाही. ते ठरतं अनेक चाहत्यांनी वर्षानुवर्षं काढलेल्या फोटोंवर, घेतलेल्या मापांवर आणि मोकळेपणाने सांगितलेल्या माहितीवर. म्हणून पैसे खर्च करण्याआधी त्या माहितीत शिरायचं, आणि वस्तू हाती आली की आपल्या परीने तिच्यात भर घालायची. तुमच्या चौघांच्या मंडळालाही माझं हेच सांगणं राहील.

या चित्रपटाच्या मूळ वस्तू इतक्या कमी का, हे आधी समजून घ्या. रिडली स्कॉटचा हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत सुमारे १,२९० चित्रपटगृहांत लागला. दोनच आठवडे आधी, ११ जूनला, ‘ई. टी.’ आला होता आणि लोक त्याच्या प्रेमात बुडालेले होते. २५ जूनलाच ‘द थिंग’ही प्रदर्शित झाला. जवळपास तीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या ‘ब्लेड रनर’ने पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत ६१ लाखांच्या आसपास कमाई केली आणि मग तो उतरणीला लागला. खेळणी फारशी निघाली नाहीत. अर्टल कंपनीच्या धातूच्या छोट्या गाड्या, मार्व्हलने काढलेलं चित्रकथेतलं रूपांतर, ब्लू डॉल्फिन प्रकाशनाची दोन-तीन पातळ पुस्तकं, एवढाच काय तो पसारा. पडलेल्या चित्रपटाच्या वस्तू कोण जपून ठेवतो? लोकांना त्याचं मोल पुढे कळलं, व्हिडिओ कॅसेटवर आणि टीव्हीवर तो पुन्हा पुन्हा पाहिल्यावर. तोवर बहुतेक कागद रद्दीत गेला होता. मागणी मागाहून आली आणि मूळ माल आधीच संपला होता. अशा ठिकाणी नकली माल तयार होतोच.

आता पोस्टर. अमेरिकेतल्या मूळ प्रदर्शनाचं पोस्टर जॉन आल्विन यांनी रंगवलेलं आहे. त्याच वर्षीचं ‘ई. टी.’चं बोटाला बोट भिडणारं पोस्टरही त्यांचंच. ज्या चित्रपटाने ‘ब्लेड रनर’चे प्रेक्षक पळवले त्याचं आणि याचं चित्र एकाच हातातून उतरलं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

पहिलं काम माप घेण्याचं. त्या काळातलं अमेरिकन ‘वन-शीट’, म्हणजे चित्रपटगृहात लावायचं नेहमीचं पोस्टर, २७ बाय ४१ इंचांचं असे. पाव इंच इकडेतिकडे चालतं. २४ बाय ३६ भरलं तर ते दुकानात भिंतीसाठी विकलेलं पुनर्मुद्रण आहे, पुढे बघायची गरज नाही. २७ बाय ४० भरलं तरी सावध व्हा, कारण ते नंतरच्या काळातलं माप आहे. इतर देशांची मापं वेगळी: ब्रिटिश ‘क्वाड’ आडवं, ३० बाय ४० इंचांचं, जपानी ‘बी-टू’ साधारण ५१ बाय ७३ सेंटिमीटरचं. त्यामुळे पोस्टर कुठल्या देशाचं आहे हे विक्रेत्याला आधी विचारा. ‘माहीत नाही’ म्हणाला तर त्याने ते कुठून घेतलं हेही त्याला माहीत नसणार.

दुसरं, खालची पांढरी किनार. अमेरिकेत पोस्टरं वाटायचं काम बराच काळ नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या संस्थेकडे होतं. तिच्या पोस्टरांवर तळाशी एक क्रमांक असतो, आणि पहिले दोन आकडे वर्ष सांगतात. इथे ते ८२ हवेत. ‘ब्लेड रनर’च्या सगळ्याच मूळ पोस्टरांवर हा क्रमांक असेल असं नाही, स्टुडिओने थेट दिलेली प्रतही असू शकते. पण क्रमांक असेल आणि त्याची अक्षरं धुरकट दिसत असतील, तर ते पोस्टर कुठल्या तरी प्रतीवरून स्कॅन केलेलं आहे.

तिसरी तपासणी घड्यांची, आणि मी स्वतः फसलो ते इथेच. त्या काळात ही पोस्टरं घडी घालून पाठवत. तीन आडव्या घड्या, एक उभी, म्हणजे आठ चौकोन. नवा संग्राहक घड्या बघून नाक मुरडतो, पण १९८२ च्या पोस्टरला घड्या असणं हेच जास्त स्वाभाविक आहे. मी सुरुवातीच्या काळात घेतलेल्या एका पोस्टरवर घड्या होत्या, फोटोत त्या अगदी बरोबर जागी दिसत होत्या. घरी आणून बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. मूळ पोस्टर स्कॅन करताना त्याच्या घड्यासुद्धा छापल्या गेल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून घडीवर तिरका उजेड टाकून काढलेला फोटो आणि मागच्या बाजूचा फोटो मिळाल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही. खरी घडी मागूनही उमटते, जुन्या घडीच्या कडेला शाई झिजलेली असते, आणि चार घड्या जिथे मिळतात तिथे बहुधा बारीक भोक पडलेलं असतं.

शेवटची तपासणी भिंगाची. दहापट मोठं दाखवणारं छपाईवाल्यांचं भिंग घ्या, ते महाग नसतं. ऑफसेट छपाईत चित्राचा भाग चार रंगांच्या ठिपक्यांनी बनतो आणि ते ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे ठरावीक रचनेत बसतात. तळाच्या बारीक श्रेयनामावलीची अक्षरं मात्र सलग, धारदार कडेची असतात, कारण ती वेगळी छापलेली असतात. बनावट प्रतीत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची असतात, कारण पोस्टरचा अख्खा फोटो पुन्हा छापलेला असतो. इंकजेटवर काढलेल्या प्रतीत तर ठिपके शिंतोड्यांसारखे विखुरलेले दिसतात. ही एक तपासणी बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाची आहे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला की पोस्टर नवं, असं काही जण सांगतात. फक्त त्यावर मी विसंबत नाही, कारण कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची रसायनं १९८२ च्या कितीतरी आधीपासून वापरात होती.

पोस्टर कापडावर चढवलेलं असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. पातळ जपानी कागद आणि कॅनव्हास यांच्यावर गव्हाच्या खळीने पोस्टर चिकटवायची पद्धत चांगली आहे, जाणकाराने केली असेल तर ती पुन्हा सोडवताही येते. पण त्यात मागची बाजू कायमची झाकली जाते, म्हणजे निम्मा पुरावा दिसेनासा होतो. चढवण्याआधीचे फोटो मागा. आणि १९८२ चं म्हणून दाखवलेलं पोस्टर दोन्ही बाजूंनी छापलेलं असेल, म्हणजे मागे उलटं चित्र असेल, तर नमस्कार करून निघा. मागून दिवा लावायच्या पेट्यांसाठी अशी दुहेरी छपाई रुळली ती नंतरच्या काळात. १९९२ च्या ‘डायरेक्टर्स कट’ या बदललेल्या आवृत्तीचं पोस्टर ही वेगळी वस्तू आहे, तेही जमवण्यासारखं आहे, पण त्या किमतीत.

सहीचं एकच सांगतो. ज्यांच्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलाय ते फिलिप के. डिक २ मार्च १९८२ रोजी गेले. चित्रपट लागला तेव्हा ते हयात नव्हते. पोस्टरवर त्यांची सही दिसली तर पुढचं काही बघू नका. चित्रपटातले अभिनेते रुटगर हाउअर जुलै २०१९ मध्ये गेले आणि भविष्यातल्या शहराचं रूप कागदावर आणणारे सिड मीड त्याच वर्षीच्या डिसेंबरात. माणूस गेला की त्याच्या सह्या अचानक वाढतात. सही करतानाचा फोटो किंवा समोर घेतल्याचा लेखी उल्लेख नसेल तर सहीचे वेगळे पैसे मोजू नका.

आता रिळाची फ्रेम. दोन तासांच्या आतल्या या चित्रपटाच्या एका प्रिंटमध्ये सेकंदाला २४ या हिशेबाने सुमारे एक लाख अडुसष्ट हजार फ्रेम असतात. एक जुनी प्रिंट कापली की तितकी ‘दुर्मीळ स्मृतिचिन्हं’ तयार होतात, आणि प्रमाणपत्र तर कुणीही छापू शकतो. म्हणून ती जपून ठेवायची किंमती वस्तू मानू नका. पण ती खरी आहे का हे ओळखायची एक सुंदर खूण आहे, आणि ती फार थोडे जण तपासतात. ‘ब्लेड रनर’ ३५ मिलिमीटर फिल्मवर ॲनामॉर्फिक भिंगांनी चित्रित झालाय. म्हणजे रुंद चित्र फिल्मवर दोन्ही बाजूंनी दाबून घेतलेलं असतं आणि प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा रुंद करतं. त्यामुळे ३५ मिलिमीटरच्या खऱ्या फ्रेममध्ये माणसं उंच आणि सडपातळ दिसली पाहिजेत, नायक डेकार्डचा चेहरा ताणल्यासारखा दिसला पाहिजे. फ्रेममध्ये सगळं नेहमीच्या प्रमाणात असेल तर ती पडद्यावर दाखवलेल्या ३५ मिलिमीटर प्रिंटमधली नाही. ७० मिलिमीटरच्या प्रिंटही निघाल्या होत्या, त्यांत चित्र दाबलेलं नसतं, पण ती फिल्मच दुप्पट रुंद असते, चटकन ओळखू येते. रंगाकडेही बघा. त्या काळापर्यंतच्या बऱ्याच रंगीत प्रिंट निळा-हिरवा रंग गमावून गुलाबी पडल्या आहेत. गुलाबी फ्रेम दिसायला वाईट, पण ती खोटी असायची शक्यता कमी. आणि नाकाजवळ धरून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या फिल्मचा ॲसिटेट, म्हणजे तिचा प्लास्टिकचा पाया, कुजायला लागलाय. ती इतर फिल्मजवळ ठेवू नका.

युनिकॉर्नकडे येतो. चित्रपटातला गाफ हा पोलीस सबंध वेळ कागदाच्या घड्या घालत असतो. आधी कोंबडी, मग काडीचा माणूस, आणि शेवटी डेकार्डच्या दाराशी पडलेला तो चांदीच्या कागदाचा युनिकॉर्न. चाहत्याच्या मनात याच्याइतकी जागा दुसऱ्या कुठल्या वस्तूला नसेल, आणि बनवायला याच्याइतकी सोपी वस्तूही दुसरी नाही. २००७ च्या डिसेंबरात ‘फायनल कट’ या शेवटच्या आवृत्तीसोबत ब्रीफकेसच्या आकाराची पाच डिस्कची जी मोठी पेटी निघाली, तिच्यात चित्रपटातल्या उडत्या ‘स्पिनर’ गाडीची छोटी प्रतिकृती आणि छोटा युनिकॉर्न होता. पेटीतला तो युनिकॉर्न सुटा करून ‘सेटवरचा’ म्हणून विकलेला मी पाहिलाय. घेणारा माणूस किती खुशीत होता ते आठवलं की आजही वाईट वाटतं. चांदीच्या कागदाच्या एका तुकड्याला ना क्रमांक असतो ना कुणाची खूण. तो सेटवरून कोणी उचलला, कधी, पुढे कोणाकोणाकडे गेला याची अखंड साखळी कागदावर असेल तरच त्या दाव्याला वजन. तुमच्या विक्रेत्याकडे ती आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा नसावी.

‘मूळ’ हा शब्द इथे फार सैल वापरतात, म्हणून तो फोडून बघायची सवय लावा. डेकार्ड ज्या चौकोनी, मुरडलेल्या काचेच्या ग्लासातून पितो तो ग्लास चित्रपटासाठी बनवलेला नाही. चिनी बोएरी या इटालियन वास्तुविशारद बाईंनी १९७३ मध्ये आर्नोल्फो दि कांबियो कंपनीसाठी त्याची रचना केली, नाव ‘चिबी’. तो ग्लास तुम्ही घेतला तर तो शंभर टक्के अस्सल ‘चिबी’ आहे, डेकार्डच्या हातातल्या ग्लासाचा सख्खा भाऊ आहे, पण डेकार्डच्या हातातला नाही. माझ्याकडे दोन आहेत आणि मला ते अतिशय प्रिय आहेत, कारण त्यांच्याबद्दल मला कुणी खोटं सांगितलेलं नाही. पडद्यावर दिसलेली वस्तू, सेटसाठी बनवली पण कॅमेऱ्यासमोर न आलेली वस्तू, त्याच कारखान्याची तीच बाजारातली वस्तू, परवान्याने काढलेली वस्तू आणि चाहत्याने हाताने घडवलेली प्रतिकृती, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. पाचही जमवण्यासारख्या आहेत. फसवणूक होते ती एकीला दुसरीचं नाव दिल्यावर.

आता डेकार्डच्या पिस्तुलाबद्दल मला जरा निवांत सांगू द्या, कारण चाहते मिळून काय करू शकतात हे मला त्याच्यामुळे कळलं. ते पिस्तूल दोन खऱ्या शस्त्रांचे भाग जोडून बनवलेलं होतं. वरचा भाग ऑस्ट्रियाच्या स्टायर-मानलिखर रायफलचा, आत चार्टर आर्म्सचं ‘बुलडॉग’ रिव्हॉल्व्हर, दोन चाप, बाजूला लुकलुकणारे छोटे दिवे. जवळच्या दृश्यांसाठी असा एक नीट घडवलेला नग असतो, त्याला ‘हिरो’ म्हणतात. पडझडीच्या दृश्यांसाठी रबराचे ओतीव नग वेगळे. चित्रपटानंतर हिरो पिस्तूल कुठे गेलं याचा पत्ता चाहत्यांना वर्षानुवर्षं नव्हता. तरी लोकांनी प्रतिकृती बनवायचा ध्यास सोडला नाही. कॅसेटवरचं धूसर चित्र, मग लेसरडिस्कवर थांबवून पाहिलेलं चित्र, प्रसिद्धीसाठी काढलेले फोटो, एवढ्यावरून ते अंदाज बांधत. कोणी मूळ रायफल शोधून तिच्या बोल्टची जाडी मोजली, कोणी रिव्हॉल्व्हरची चौकट मोजली, आणि त्या मापांवरून फोटोतल्या उरलेल्या भागांचा हिशेब लावला. एखाद्या स्क्रूचं डोकं कसं होतं यावर महिनोन्‌महिने वाद चालले. ते वाद वाचतच मी मोजायला शिकलो.

आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये अनाहाइम इथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ते पिस्तूल काचेच्या पेटीत मांडलेलं दिसलं. तिथे असलेल्यांनी सर्व बाजूंनी त्याचे फोटो काढले आणि ते सगळ्यांना उपलब्ध करून दिले. मग चित्रपटातल्या चौकटी आणि हे फोटो शेजारी ठेवून खुणा, ओरखडे, स्क्रूच्या जागा ताडून पाहिल्या गेल्या. तेच निघालं. २००९ मध्ये लिलावात त्याला २,७०,००० डॉलर मिळाले. ती रक्कम नुसत्या धातूची नव्हती. ओरखडा ओरखड्याशी जुळतो हे दाखवणारा पुरावा होता म्हणून ती मिळाली, आणि तो पुरावा एक पैसा न घेता अनेकांनी मिळून उभा केला होता. त्यानंतर प्रतिकृतींची मापंही सुधारली. एखादी जुनी प्रतिकृती २००६ च्या आधीची की नंतरची हे जाणकार तिच्या ठेवणीवरूनच सांगतात.

प्रतिकृती घेणार असाल तर दोन सूचना. चाहते अशा वस्तू थोड्या संख्येच्या ‘रन’मध्ये बनवतात, आधी नावं घेतात, मग पैसे, मग काम. तुमच्या मंडळात कोणी असं काढलं तर सगळे पैसे एकदम देऊ नका, नमुना तयार झालेला पाहून टप्प्याटप्प्याने द्या. बनवणारा प्रामाणिक असला तरी असं काम कायम लांबतं, आणि पैसे अडकले की मैत्री कडवट होते. दुसरी सूचना ‘रीकास्ट’बद्दल. एखाद्याने महिनोन्‌महिने घालवून घडवलेल्या प्रतिकृतीवरून साचा काढायचा आणि त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक, ओतून स्वस्तात विकायचं, याला आमच्यात चोरीच म्हणतात. ती ओळखता येते. रेझिन सुकताना किंचित आक्रसतं, त्यामुळे रीकास्ट मूळ नगापेक्षा थोडी लहान भरते आणि कडा, अक्षरं, स्क्रूच्या खाचा बोथट होतात. म्हणून बारीक मापं घ्यायचा नोनियस कॅलिपर जवळ ठेवा. पिस्तुलाच्या प्रतिकृतीबाबत आपल्या देशातला शस्त्रांचा आणि आयातीचा नियम आधी विचारून घ्या. विमानाने सोबत तर मुळीच नेऊ नका.

खिसा लहान असेल तर कागदाकडे वळा, माझं सगळ्यात आवडतं दालन तेच आहे. १९८२ च्या जुलैतला ‘सिनेफेक्स’चा नववा अंक अख्खा या चित्रपटाच्या दृश्यकरामतींवर आहे. ‘सिनेफँटास्टिक’ने त्याच वर्षी एक जोडअंक ‘ब्लेड रनर’ आणि ‘स्टार ट्रेक २’ या दोघांना वाहिला. ब्लू डॉल्फिनचं ‘स्केचबुक’ मिळालं तर सोडू नका, मीड आणि इतरांची मूळ रेखाटनं त्यात आहेत. आणि सेटवरच्या वृत्तपत्रविक्रेत्याच्या टपरीवर लावलेल्या खोट्या मासिकांची मुखपृष्ठं, किंवा छेडछाड केलीत तर विजेचा धक्का बसून मराल असा इशारा लिहिलेले पार्किंग मीटर, या टॉम साउथवेल यांच्या कामाच्या प्रतिकृती चाहते फार जीव लावून काढतात. पडद्यावर त्या क्षणभरही धड दिसत नाहीत. तरी ज्याने त्या बनवल्या त्याने अक्षर न अक्षर लिहिलं होतं, हे कागद हातात घेतल्यावर कळतं.

संगीताचा गोंधळ थोडक्यात सांगून पुढे जातो. वँगेलिस यांचं मूळ संगीत १९८२ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आलंच नाही. त्या वर्षी निघाली ती न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राने पुन्हा वाजवलेली मुद्रिका. अधिकृत ध्वनिमुद्रिका १९९४ मध्ये आली, आणि २००७ मध्ये तीन सीडींचा संच. म्हणजे ‘१९८२ ची मूळ वँगेलिस रेकॉर्ड’ असं कोणी म्हणालं तर ती एकतर ऑर्केस्ट्राची आहे किंवा चोरटी.

तुम्ही बातम्यांबद्दलही विचारलंय. १९८९ मध्ये टॉड-एओ कंपनीच्या साठ्यात ७० मिलिमीटरची एक प्रिंट हाती लागली, आणि मे १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स चित्रपटगृहात ती दाखवली गेली. लोक नेहमीचा ‘ब्लेड रनर’ बघायला बसले होते. दिसली ती चाचणीसाठी बनवलेली ‘वर्कप्रिंट’. १९८२ च्या आवृत्तीत डेकार्डच्या आवाजात असलेलं निवेदन जवळपास सगळं गायब, शेवटची हिरवीगार डोंगरदऱ्यांची सफर नाही. लोकांनी काय पाहिलं ते एकमेकांना तपशिलाने सांगितलं, कोणतं वाक्य नव्हतं, कोणतं संगीत वेगळं होतं. बातमी पसरली. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यूआर्टमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रोमध्ये तीच आवृत्ती लावली तेव्हा गर्दी झाली, आणि १९९२ मध्ये स्टुडिओने ‘डायरेक्टर्स कट’ प्रदर्शित केला. आज आपण निवेदन नसलेला चित्रपट बघतो त्यात त्या प्रेक्षकांचा मोठा वाटा आहे. ‘काहीतरी वेगळं होतं म्हणे’ इतकंच ते बोलले असते तर कुणी हललं नसतं.

तुमच्या मंडळात बातमी आली की तीन गोष्टी सोबत लिहायची सवय लावा: कोणी स्वतः पाहिलं किंवा वाचलं, कधी, आणि अधिकृत घोषणा आहे की ऐकीव. चूक निघाली तर मूळ बातमीखालीच दुरुस्ती लिहा, गुपचूप पुसू नका. नव्या मालिकेच्या, नव्या आवृत्तीच्या अफवा इतक्या उठतात की दोन वर्षांनी कोण कधी काय म्हणालं ते आठवत नाही, आणि जुनीच अफवा नवी होऊन परत येते. दुर्मीळ वस्तू कोणाच्या घरी आहे हे मात्र त्याच्या परवानगीशिवाय कुठेही लिहू नका. लिलावात दोघांनाही एकच वस्तू हवी असेल तर आधीच बोलून घ्या. आपल्याच मित्राविरुद्ध बोली वाढवत गेलेली मंडळं नंतर टिकलेली मी पाहिली नाहीत.

एक समाईक वही करा. प्रत्येक वस्तूला एक पान द्या. पुढून, मागून, कडेने फोटो, मापपट्टी शेजारी ठेवून. कोणाकडून घेतली, कधी, किती पैशांना, सोबत कोणते कागद. शंका असेल तर शंकाही लिहा. माझ्या वहीत त्या छापील घड्यांच्या पोस्टरचंही पान आहे, आणि नवे संग्राहक तेच सगळ्यात जास्त वेळ बघतात. खरी प्रत शेजारी ठेवून खोटी बघितली की डोळा तयार होतो.

जपणुकीबद्दल फार लांबवत नाही. कागदाचे शत्रू उजेड, दमट हवा आणि आपली हौस. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत निघत नाही. पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात, पॉलिएस्टरच्या घ्या, मागे आम्लविरहित पुठ्ठा. फ्रेम केली तर काच पोस्टरला टेकू देऊ नका, मध्ये पट्टीचं अंतर ठेवा आणि अतिनील किरण अडवणारी काच लावा. तरीही थेट ऊन पडेल अशा भिंतीवर टांगू नका. दिवे लागणाऱ्या प्रतिकृतीतून बॅटरी काढूनच ती कपाटात ठेवा, गळलेल्या बॅटरीने आतली सगळी वायरिंग खाल्लेली मी दुरुस्त केली आहे.

आता तुमच्या विक्रेत्याला एवढं लिहा: फक्त पोस्टरमध्ये रस आहे. तळाच्या किनारीचा जवळून फोटो, मागच्या बाजूचा पूर्ण फोटो, घडीवर तिरक्या उजेडातला एक फोटो आणि इंचांत अचूक माप पाठवा. पोस्टर कुठून मिळालं तेही कळवा. खरा माल असलेला माणूस हे सगळं आनंदाने करतो, कारण त्यालाही ते दाखवायला आवडतं. चार दिवसांत फोटो आले तर मला पाठवा, आपण श्रेयनामावलीच्या अक्षरांपासून बघायला सुरुवात करू.